घरातील छापील कापड आणि वर्ध्याचा धडा

श्रोतेहो, आपल्या जुन्या घरांत लाकडी सामान थोडे असे. घराची शोभा बहुतांशी कापडावर अवलंबून असे. ओसरीवर जाजम, बैठकीत गादी, तिच्यावर लोड आणि तक्के, माजघराच्या दाराला पडदा, पलंगावर पलंगपोस आणि उशीला अभ्रा, एवढ्यावर घर सजलेले दिसे. ह्या कापडावरची वेलबुट्टी आपण लहानपणापासून पाहत आलो; परंतु ती कोणी काढली, हा प्रश्न आपल्या मनात सहसा येत नाही. चित्राखाली चित्रकाराचे नाव असते, ग्रंथावर ग्रंथकाराचे असते. पडद्यावर मात्र कोणाचेच नसते. कारागिराविषयीची आपली उदासीनता हे ह्याचे एक कारण आहेच. दुसरे कारण असे की, घरासाठी छापलेल्या कापडाचा नमुना एकट्याचा कधीच नसतो. ज्याचे घर आहे तो आपली गरज सांगतो. नक्षी काढणारा तिला रेषांचे रूप देतो. आणि छापणारा ते रूप कापडावर उतरवितो. ह्या तिघांमध्ये कधी जवळीक होती, कधी हजारो मैलांचे अंतर होते. त्या अंतराचा इतिहास म्हणजेच ह्या कलेचा इतिहास, असे म्हणावयास हरकत नाही. आणि वर्धा हे नाव आपण राजकारणाच्या संदर्भात जितके घेतो, तितकेच ते ह्या इतिहासातही घेतले पाहिजे, असे मला वाटते.

प्रथम ही छपाई कशी होते ते पाहू. कारण ते ध्यानात घेतल्यावाचून छापणाऱ्याचा वाटा किती मोठा आहे हे कळत नाही. कापसाच्या तंतूला रंग सहजासहजी धरत नाही. म्हणून रंगारी कापड आधी स्वच्छ धुऊन हिरड्याच्या पाण्यात भिजवितो. मग लाकडी ठशाने नक्षी उठवितो. पण ठशावर प्रत्यक्ष रंग नसतोच. लोखंडाचे गंजलेले तुकडे आणि गूळ पाण्यात कित्येक दिवस आंबवून केलेले द्रावण काळ्या रेषेसाठी, आणि तुरटीचे पाणी डिंकात कालवून केलेले लाल भागासाठी, असे दोन निरनिराळे ठसे तो मारतो. हिरड्याशी लोखंडाचा संयोग होताच काळा रंग प्रकट होतो. तुरटीची नक्षी मात्र जवळजवळ अदृश्यच राहते. पुढे ते कापड मंजिष्ठाच्या किंवा आलीच्या मुळांबरोबर उकळले की जेथे तुरटी लागली होती तेथेच लाल रंग धरतो, आणि बाकीची जागा धुण्याने व उन्हाने पुन्हा पांढरी होते. म्हणजे छापणारा जे छापतो ते त्याला डोळ्यांनी नीटसे दिसतही नाही. पाणी, ऊन, मुळांचे वय, तुरटीचे प्रमाण ह्या साऱ्यांचा हिशेब त्याच्या मनात असतो. अशा माणसाला केवळ हुकमाचा ताबेदार समजणे म्हणजे अर्धी कलाच टाकून देणे होय.

नक्षी काढणाऱ्यालाही ठशाची मर्यादा सांभाळावी लागते. ठसा तळहातापेक्षा फार मोठा असून चालत नाही. तो एका हाताने उचलून शेकडो वेळा अचूक टेकावयाचा असतो. एका ठशाची वेल दुसऱ्या ठशाच्या वेलीला जेथे मिळते, तेथे सांधा दिसता कामा नये. शिवाय अंगावरच्या वस्त्राची नक्षी जवळून पाहावयाची असते, तर पडद्याची नक्षी खोलीच्या दुसऱ्या टोकावरून, आणि तीही चुण्यांमध्ये अर्धी लपलेली. कागदावर देखणे दिसणारे फूल चुणीत शिरले की विद्रूप होते. ह्या गोष्टी कागदावर काम करणाऱ्याला छापणाऱ्याकडूनच शिकाव्या लागतात.

आता थोडे मागे जाऊ. 17 व्या शतकात हिंदुस्थानातील छापील व कलमाने रंगविलेले सुती कापड युरोपात घरोघर पोहोचू लागले. आपल्याकडे बुऱ्हाणपूर, अहमदाबाद, सिरोंज आणि पूर्व किनाऱ्यावर मच्छलीपट्टण ही त्याची मोठी ठिकाणे होती. विलायतेत ह्या कापडाचे बिछान्याभोवतीचे पडदे होत, भिंतीवरील आच्छादने होत. आपल्या ‘पलंगपोस’ शब्दाचाच अपभ्रंश होऊन तेथे अशा कापडाचे नाव पडले. परंतु तेथील गिऱ्हाइकाला आपली गडद लाल जमीन रुचेना. म्हणून 1643 साली लंडनच्या ईस्ट इंडिया कंपनीच्या चालकांनी येथील आपल्या अडत्यांना लिहिले की, ह्यापुढे जमीन अधिक पांढरी असावी आणि फुले व फांद्या रंगीत असाव्यात. पुढे नमुन्यांची चित्रेही येऊ लागली. आपल्या कारागिरांनी ती पाहून तशीच नक्कल केली असे मात्र झाले नाही. विलायती फांदीला त्यांनी आपली पाने लावली, इराणी सरूचे झाड उभे केले, चिनी खडक घातला. आणि कोणत्याही एका देशाचा म्हणता येणार नाही असा एक वृक्ष कापडावर वाढला. मागणी करणारा समुद्रापलीकडे होता, मधे दलाल होते, पत्राला उत्तर यावयास वर्ष दोन वर्षे लागत. तरी छापणाऱ्याच्या हातात निवड शिल्लक होती. म्हणूनच ते सहकार्य ठरले.

ह्या कापडाचा तिकडे एवढा बोलबाला झाला की तेथील विणकर घाबरले. फ्रान्सने 1686 साली त्यावर बंदी घातली, ती 1759 पर्यंत टिकली. इंग्लंडने 1701 पासून असे कापड आणण्यास, आणि 1721 च्या कायद्याने ते अंगावर घालण्यास व घरातील सामानासाठी वापरण्यास मनाई केली. एका पडद्याच्या कापडासाठी पार्लमेंटला कायदा करावा लागावा, ह्याहून त्या कारागिरीची मोठी पावती कोणती?

पुढच्या शतकात चित्र पालटले, आणि येथेच वर्धा जिल्हा ह्या कथेत येतो. हिंगणघाटचा कापूस लांब व मऊ धाग्याबद्दल त्या काळी नावाजलेला होता. 1860 नंतर अमेरिकेतील यादवी युद्धामुळे तेथील कापूस लँकेशायरला मिळेनासा झाला आणि इंग्रज व्यापाऱ्यांची दृष्टी ह्या काळ्या जमिनीकडे वळली. 1862 साली वर्धा हा स्वतंत्र जिल्हा झाला, 1866 साली वर्धा शहराची वसाहत झाली, आणि 1867 साली आगगाडी नागपुरास पोहोचली. कापसाच्या गाठी मुंबईकडे निघाल्या; आणि त्याच रुळांवरून मँचेस्टरचे छापील चीट परत येऊ लागले.

ह्याच 1866 साली लंडनमध्ये आणखी एक घटना घडली. तिचा गाजावाजा झाला नाही, पण तिचे परिणाम दूरवर पोहोचले. इंडिया ऑफिसचे अधिकारी जॉन फोर्ब्स वॉटसन ह्यांनी हिंदी कापडाचे 700 प्रत्यक्ष तुकडे 18 खंडांत चिकटवून त्यांचे 20 संच तयार केले. त्यांपैकी 13 संच ब्रिटनमध्ये वाटले गेले आणि 7 हिंदुस्थानात पाठविण्यात आले. हिंदी गिऱ्हाइकाला काय आवडते हे तेथील कारखानदारांनी पाहावे आणि तसा माल यंत्रावर काढावा, हा त्यामागील उघड हेतू होता. कापूस तर गेलाच होता, आता नक्षीही गेली. नमुना कारागिराच्या हातून सुटून एका पुस्तकाच्या पानावर जाऊन बसला. त्या पानावर धागा होता, रंग होता, लांबी-रुंदी होती; फक्त छापणारा नव्हता.

ह्यानंतर तीनच वर्षांत, 1869 च्या सुमारास, मंजिष्ठातील लाल द्रव्य जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी कृत्रिम रीतीने बनविले. आणि 1897 पासून कृत्रिम नीळही बाजारात आली. मध्यप्रांत व वऱ्हाडात आलीच्या मुळांची शेती होत असे. चोपड्यांना वेष्टन म्हणून आणि गाद्यांना खोळ म्हणून जो लाल खारवा वापरीत, तो ह्याच मुळांनी रंगे. स्वस्त पुडीचा रंग आला तसे ते पीक मागे पडले. रंगारी व भावसार मंडळींपैकी पुष्कळांनी कातरी हाती घेतली, कित्येकांनी दुकाने घातली. ठसे माळ्यावर गेले.

ह्या स्थितीविषयी असमाधान प्रथम इंग्लंडमध्येच व्यक्त झाले, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. विल्यम मॉरिस ह्या कवीने 1861 साली घरसजावटीची एक पेढी काढली. बाजारी छापील कापड पाहून त्याला वीट आला होता. नक्षी काढून कारखान्याकडे पाठवून दिली की आपले काम संपले, असे तो मानीत नसे. 1875 पासून तो लीक गावच्या टॉमस वॉर्डल ह्या रंगाऱ्याकडे जाऊन राहू लागला आणि स्वतः निळीच्या पिंपात हात घालून जुने वनस्पतिजन्य रंग पुन्हा साधण्याचा खटाटोप करू लागला. हा वॉर्डल हिंदी रंगांचा व टसर रेशमाचा अभ्यासक होता. दोघांचे वाद होत, पत्रे जात, रंग बिघडत, पुन्हा छापले जात. 1883 साली मॉरिसने छापलेले, स्ट्रॉबेरी चोरणाऱ्या पक्ष्यांचे कापड आजही घरांतून लावले जाते. त्याची निळी जमीन ह्या खटाटोपाचेच फळ होय. परंतु मॉरिसचे दुःख असे की, समाजवादी असूनही त्याचा माल धनिकांनाच परवडे. हाताने केलेली सुंदर वस्तू सामान्य माणसाच्या घरात कशी जाईल, ह्या प्रश्नाचे उत्तर त्याला सापडले नाही.

मॉरिस ज्या रस्किनला गुरुस्थानी मानी, त्याच रस्किनचे पुस्तक 1904 साली दक्षिण आफ्रिकेतील एका रेल्वेप्रवासात गांधीजींच्या हाती पडले आणि त्यांच्या जीवनाची दिशा बदलली, हे आपणांस ठाऊकच आहे. तो धागा पुढे वर्ध्यास येऊन पोहोचला. 1934 साली अखिल भारत ग्रामोद्योग संघ निघाला. जमनालाल बजाज ह्यांनी दिलेल्या बागेत त्याचे ठाणे झाले आणि मगनलाल गांधी ह्यांच्या स्मरणार्थ त्या जागेला मगनवाडी असे नाव मिळाले. जे. सी. कुमारप्पा ह्या संघाचे चिटणीस होते. 1936 च्या एप्रिलअखेर गांधीजी शेगाव ह्या खेड्यात राहावयास गेले. 1940 साली त्या गावाचे सेवाग्राम झाले.

तेथील बापू-कुटी ज्यांनी पाहिली असेल त्यांना आश्चर्य वाटले असेल की, तेथे घरसजावटीचा विषय कोठून निघाला? खाली चटई, बसावयास पातळशी गादी, बस्स. पण भिंतीकडे पाहावे. मातीच्या भिंतीवर ताडाची झाडे, चरखा आणि ओंकार ह्यांची उठावदार नक्षी मीराबेननी स्वतःच्या हातांनी काढलेली आहे. ही कुटी प्रथम त्यांचीच होती. एका ब्रिटिश आरमारी अधिकाऱ्याच्या ह्या कन्येने सजावटीसाठी बाहेरून काहीच आणले नाही. जी माती भिंतीला, तीच नक्षीला. 1924 साली शांतिनिकेतनचे विद्यार्थी जी. रामचंद्रन ह्यांच्याशी बोलताना गांधीजींनी आपल्याला भिंतीवर चित्रांची गरज वाटत नाही, उघडे आकाश पुरे, अशा आशयाचे उद्गार काढले होते. त्याच गांधीजींच्या खोलीत पुढे काही वर्षांनी ही नक्षी आली आणि राहिली. तेव्हा त्यांचा विरोध शोभेला नसून, जी शोभा करणाऱ्यापासून आणि परिसरापासून तुटलेली आहे तिला होता, असे अनुमान काढणे चुकीचे ठरू नये.

ह्याला आणखी आधार आहे. 1936 च्या डिसेंबरात खानदेशातील फैजपूर येथे काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन भरले. त्याच्या सजावटीसाठी गांधीजींनी शांतिनिकेतनहून नंदलाल बोस ह्यांना बोलाविले आणि खेड्यात मिळेल त्याच साहित्याची अट घातली. बांबू, गवत, चटया ह्यांतून नंदबाबूंनी नगर उभारले. 1938 च्या फेब्रुवारीत हरिपुऱ्यासाठी त्यांनी व त्यांच्या विद्यार्थ्यांनी ग्रामजीवनाची चित्रे काढली, आणि त्याच वर्षी 30 डिसेंबर रोजी वर्ध्यास मगन संग्रहालयाचे उद्घाटन गांधीजींच्या हस्ते झाले. संग्रहालय म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे काचेच्या पेट्या येतात. येथे मात्र खादी व ग्रामोद्योगाच्या वस्तूंबरोबर त्यांची अवजारे आणि कृती ह्यांना मान होता. फोर्ब्स वॉटसनच्या 18 खंडांनी वस्तू ठेवून करणारा वगळला होता. मगन संग्रहालयाने करणाऱ्याला पुन्हा वस्तूशेजारी आणून उभे केले. 72 वर्षांच्या अंतराने एका प्रश्नाला मिळालेले हे उत्तर होते.

शिक्षणाच्या क्षेत्रातही हेच सूत्र आले. 1937 च्या ऑक्टोबरात वर्ध्यास शिक्षणपरिषद भरली आणि तीतून नयी तालीम निघाली. तिची धुरा वाहणारे आर्यनायकम् व आशादेवी हे दांपत्य शांतिनिकेतनातून आलेले होते. रवींद्रनाथांच्या 1927 मधील जावाप्रवासानंतर त्या संस्थेत बाटिकची कला रुजली होती, आणि कापडावरची नक्षी हा तेथील कलाशिक्षणाचाच भाग होता. 1944 साली नंदबाबूंचे शिष्य देवीप्रसाद सेवाग्रामला कलाशिक्षक म्हणून आले आणि 1962 पर्यंत राहिले. सूत कातणारे मूल आणि चित्र काढणारे मूल ही दोन मुले नव्हेत, हा त्यांच्या शिकविण्याचा गाभा होता.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. वर्ध्याने पडद्याच्या कापडाचा एखादा जगप्रसिद्ध नमुना निर्माण केला, असे कोणी समजू नये. तशी त्याची महत्त्वाकांक्षाही नव्हती. 1944 साली चरखा संघाचे नवसंस्करण झाले तेव्हा शहरातील विक्रीपेक्षा खेड्याच्या स्वावलंबनावर भर देण्याचे ठरले. त्या विचारात शहरी दिवाणखान्याला जागा थोडीच होती. ह्याचा तोटाही झाला. ज्या कारागिराला गिऱ्हाईक हवे होते, त्याला केवळ तत्त्वाने पोट भरता येत नाही. वर्ध्याने एक कसोटी मात्र दिली. घरात येणारी वस्तू कोणी केली, कशाची केली, आणि ती करताना त्याची बुद्धी वापरली गेली की केवळ हात, हे विचारल्यावाचून तिला सुंदर म्हणू नये.

स्वातंत्र्यानंतर ह्या कसोटीला उतरण्याचा एक सरकारी प्रयत्न मुंबईत झाला. 1956 साली पुपुल जयकर ह्यांच्या पुढाकाराने विणकर सेवा केंद्रे निघाली. तेथे चित्रकाराला नोकरीवर घेऊन विणकर, रंगारी व छापणारे ह्यांच्या शेजारी बसविण्यात आले. कागदावरचा नमुना त्याच इमारतीत ठशावर, मागावर, रंगाच्या पिंपात उतरे. नंदबाबूंचे दुसरे शिष्य के. जी. सुब्रमण्यन् हे 1959 ते 1961 मुंबईच्या केंद्रात होते. आपले मराठी चित्रकार प्रभाकर बरवे आधी बनारसच्या आणि मग मुंबईच्या केंद्रात काम करीत. अकोल्यास जन्मलेल्या अंबादासांनीही अशाच केंद्रात नोकरी केली. पुढे नागपुरासही केंद्र झाले. बरव्यांच्या चित्रांतील वस्तूंमधली मोकळी जागा पाहताना, ह्या माणसाने कापडाच्या रिकाम्या जमिनीचा विचार वर्षानुवर्षे केला होता, हे आठवते. छापणाऱ्याने चित्रकाराकडून घेतले, तसे चित्रकारानेही कापडाकडून घेतले असावे. तरीही त्या चित्रकारांची नावे आपण आज घेऊ शकतो. त्यांच्या शेजारी ठसा धरणाऱ्यांची घेऊ शकत नाही. कसोटीचा हा भाग अद्याप उत्तीर्ण व्हावयाचा आहे.

आज परिस्थिती पुन्हा पालटली आहे. संगणकावर काढलेली नक्षी यंत्रातून थेट कापडावर उतरते. कोणालाही आपल्या खोलीपुरते चार वार कापड हवे तसे छापून मिळते. गिऱ्हाईक आणि नक्षीकार ह्यांतले अंतर ह्यामुळे कमी झाले, हा लाभच होय. पण तिसरा भागीदार, म्हणजे हिरडा आणि तुरटी ओळखणारा माणूस, ह्या व्यवहारात दिसेनासा होण्याचा धोका आहे. दुसरीकडे वर्ध्याचे मगन संग्रहालय आजही चालू आहे, आणि सेंद्रिय कापसाची, वनस्पतिजन्य रंगांची खादी तयार करण्याचे काम तेथे होत आहे. ज्या जिल्ह्यातून कापसाच्या गाठी निघून गेल्या, त्याच जिल्ह्यात बोंडापासून रंगीत वस्त्रापर्यंतचा सारा प्रवास घडावा, ही गोष्ट लहान असली तरी अर्थपूर्ण आहे. फाल्गुनात विदर्भातील माळरानावर पळस फुलतो, तेव्हा त्या केशरी फुलांतला पिवळा रंग कापडावर कसा आणावा, हे जाणणारे हात अजून शिल्लक आहेत.

तेव्हा श्रोतेहो, घराला नवे पडदे करावयाचे ठरेल, त्या वेळी दुकानातील गठ्ठे उलटण्यापूर्वी एवढे करून पाहावे. नक्षी काढणाऱ्याशी बोलावे. आणि त्याला विचारावे की, छापणाऱ्याशी आपण बोललात काय? खिडकीतून ऊन कोणत्या बाजूने येते, चुणी किती पडणार, रंग किती वर्षे टिकावा, हे त्या दोघांना सांगावे आणि त्यांचे म्हणणे ऐकून आपली आवड थोडी बदलण्याची तयारी ठेवावी. कापड घरी आले की दोघांची नावे त्याच्या काठाआड लिहून ठेवावीत. त्याला फार तर चार आणखी दिवस लागतील आणि काही रुपये अधिक पडतील. परंतु आपल्या नातवंडांनी उद्या ती वेल कोणी काढली असे विचारले, तर त्यांना उत्तर देता येईल.